पणजोबा नक्की कुठल्या पलटणीत होते? माळ्यावर सापडलेले तीन फोटो

शेवंती
नमस्कार मंडळी. गावचं घर (संगमेश्वर तालुका) उतरवायला काढलंय, म्हणून माळा रिकामा केला. एका पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या शेतसाऱ्याच्या पावत्या, एक पोथी आणि हे तीन फोटो निघाले. खाली डकवलेत. दिसत नसतील तर सांगा.

फोटो १: तरुण माणूस, स्टुडिओतला रंगवलेला पडदा, शेजारी तिपाईवर फुलदाणी. डोक्याला फेटा, पायाला गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या, छातीवरून तिरका चामड्याचा पट्टा आणि त्याला खिसे. दंडावर दोन फिती.
फोटो २: पन्नाशीतला माणूस खुर्चीत बसलेला. बंद गळ्याचा लांब कोट, पागोटं, छातीवरून रुंद पट्टा आणि त्यावर लंबगोल बिल्ला.
फोटो ३: आठ-दहा जण, अर्ध्या चड्ड्या, दोन ओळींत. मागच्या ओळीत डावीकडून दुसरे आमचे धाकटे आजोबा (आजोबांचे सख्खे भाऊ), यावर घरात एकमत आहे.

घरची कहाणी अशी: पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईत’ होते, तुर्कांनी पकडलं, लढाई संपल्यावर कधीतरी हाडांचा सापळा होऊन परत आले. पुढे ‘कॅप्टन’ झाले, तो फोटो २. धाकटे आजोबा ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. यातलं किती खरं? आत्या ८४ वर्षांची आहे, ती सांगते ते प्रमाण मानायचं तर प्रश्नच नाही. पण मला कागदावरचं काहीतरी हवंय.

टिवल्याबावल्या
पहिला फोटो जबरदस्त. मिशा बघूनच तुर्क पळाले असणार.
वाचनखूण साठवली आहे. जाणकार येईपर्यंत माझा पास.

निवृत्त_हवालदार
ताई, रामराम. मी इन्फन्ट्रीत होतो, जुन्या वर्दीचा थोडा नाद आहे.

फोटो १ पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेचा, यात मला शंका नाही. तो खिसेवाला पट्टा म्हणजे १९०३ सालच्या नमुन्याचा चामडी बँडोलियर, गोळ्यांसाठीचा. दुसऱ्या महायुद्धात त्याजागी १९३७ च्या नमुन्याचं कापडी वेबिंग आलं. पायांकडे बघा. गुडघ्यापर्यंत पट्ट्या ही जुनी पद्धत. नंतरच्या फोटोंत शॉर्ट्स, लांब मोजे आणि घोट्यापुरत्या आखूड पट्ट्या दिसतात.

दोन फिती म्हणजे नाईक. एक असती तर लान्स नाईक, तीन असत्या तर हवालदार. जमादार, सुभेदार यांच्या खांद्यावर तारे, सुभेदार मेजरच्या खांद्यावर मुकुट. (जमादारचं नायब सुभेदार १९६५ ला झालं.) आणि कॅप्टनचं म्हणाल तर रागावू नका, पण त्या काळात गावाकडून शिपाई म्हणून भरती झालेला माणूस कॅप्टन होणं जवळजवळ अशक्य होतं. किंग्ज कमिशन (ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बरोबरीची नेमणूक) हिंदी लोकांना मिळायला लागलं तेच मुळात पहिल्या युद्धाच्या शेवटी आणि तेही मोजक्यांना. सुभेदार मेजर हे शिपायाचं टोक.

फेट्यावरून पलटण सांगायला जाऊ नका. नेटवर लोक फेट्याचं टोक बघून छातीठोक सांगतात, पण स्टुडिओवाले फेटा बांधूनही द्यायचे.

फोकल_लेन्थ
तिन्ही फोटोंची पाठ डकवा, प्लीज. लोक चेहऱ्याकडे बघत बसतात आणि निम्मी माहिती पाठीवर असते. अल्बमच्या काळ्या कागदाला चिकटले असतील तर ओढू नका, वाफ देऊ नका, पाणी तर अजिबात नको. पातळ दोरा कागद आणि फोटोच्या मधून करवतीसारखा हलके हलके फिरवा. नाहीच निघाला तर राहू दे तसाच.

आणि मोबाइलने काढलेले हे फोटो पुरत नाहीत. फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआय, रंगीत मोडमध्ये. मूळ फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीतच करा, डाग आणि शाई वेगळी काढता येते.

हवालदारकाका, फोटो १ मध्ये उजव्या मनगटाच्या वर काहीतरी बारीक फिकट दिसतंय. मला सुरकुती वाटली नाही.

निवृत्त_हवालदार
चांगली नजर आहे. मनगटाजवळ छोट्या, टोक वर असलेल्या फिती असतील तर त्या परदेशातल्या युद्धसेवेच्या. १९१८ च्या सुरुवातीला चालू झाल्या, १९२२ ला बंद. म्हणजे फोटो त्या चार वर्षांतला. डाव्या मनगटाजवळ एखादी उभी काडी असेल तर ती जखमेची खूण. ताई, स्कॅन करताना दोन्ही बाह्या नीट येऊ देत.

न्यूजर्सीचा_बंड्या
लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या शिपायांच्या वह्या सापडल्या आणि ऑनलाइन आल्या असं वाचलं होतं. तिथे नाव टाकून बघा की.

निवृत्त_हवालदार
त्या वह्या फक्त पंजाबच्या आहेत. तीन लाखांच्या वर नावं, गावागावांप्रमाणे. आपल्याकडच्या जिल्ह्यांचं तसं काही हाती लागलेलं नाही, हेच तर दुखणं. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची साइट आहे, पण तिथे मेलेले सापडतात. जो माणूस परत येऊन भातशेती करत म्हातारा झाला, त्याचं नाव तिथे कसं असेल?

ताई, पदकं काही आहेत का घरात?

शेवंती
पदकांचं विचारलंत म्हणून आत्याला फोन केला, तर बाईसाहेब म्हणतात, “अगो, एक चांदीचं होतं, ते मोडून थोरल्या काकूचे पैंजण केले. दुसरं सोनेरी होतं ते कुणी नेलं देव जाणे.” आणि मग सहज म्हणून: “चांदणी आहे ती देवघरात.”

चांदणी! दर दसऱ्याला कोयती-विळ्यांबरोबर तिची पूजा होते, हे मला माहीत होतं. मला ती कुठल्यातरी देवळातली वाटायची. चार टोकांची, मध्ये आडव्या-उभ्या दोन तलवारी. वर्षानुवर्षं चिंच आणि रांगोळीने घासून गुळगुळीत झालीय.

निवृत्त_हवालदार
अहो, ती १९१४-१५ ची स्टार! तलवारींच्या मध्ये पट्टीवर साल असतं. ३१ डिसेंबर १९१५ च्या आत जो रणभूमीवर पोचला त्यालाच मिळायची. चांदीचं गेलं ते ब्रिटिश वॉर मेडल, त्यावर घोडेस्वार असतो. सोनेरी ते व्हिक्टरी मेडल, पंखवाली बाई. ही तिन्ही एकत्र मिळत. त्या दोघांच्या कडेवर नाव कोरलेलं असायचं, स्टारच्या पाठीवर.

आता कृपा करून तिला चिंच नाही, ब्रासो नाही, पितांबरी नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरा आणि फिरवत राहा. अक्षरांच्या सावल्या पडतात. तरी जमलं नाही तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवा.

दापोली_कॅम्प
शेवंतीताई, तुमच्या घरी फोटो आहे, हेच मोठं नशीब. आमच्याकडे फोटो नाही. खापरपणजोबा पेन्शनर होते असं ऐकत आलोय. दापोलीला अजून कॅम्प म्हणतात ते अशाच लष्करी पेन्शनरांच्या वस्तीमुळे. पण आमच्या महार समाजाची भरतीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बंद केली. गोपाळ बाबा वलंगकर, स्वतः लष्करातून निवृत्त, यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला होता. पुढे १९१७ ला १११ महार पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडली. मग थेट १९४१, बेळगावात महार रेजिमेंट. म्हणजे आमच्या घरात फौजेच्या दोन पिढ्यांमध्ये एक अख्खी पिढी मोकळी आहे, आणि ते कारण कुठल्याही फोटोत दिसणार नाही.

ज्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातले फोटो असतील त्यांच्यासाठी: टोपीच्या बिल्ल्यावर दोन आडव्या मशीनगनांसोबत कोरेगावचा स्तंभ दिसला तर तो महार रेजिमेंटचा जुना बिल्ला. नंतर स्तंभ गेला, खंजीर आला. माझ्या आजोबांच्या एका चिंधी झालेल्या फोटोत तो स्तंभ भिंगातून दिसतो. बाकी चेहरा वाळवीने खाल्लाय.

टिवल्याबावल्या
वरच्या प्रतिसादाला +१. टवाळी बाजूला ठेवून वाचतोय.

शेवंती
दापोली_कॅम्प, धन्यवाद. त्या फोटोचा तरी स्कॅन करून ठेवा, प्लीज.

चांदणीचं: टॉर्चने अक्षरं दिसली!! सगळी इंग्रजी. वरचा नंबर गेलाय. मग ‘सिपॉय’, मग पणजोबांच्या नावाची पहिली तीन अक्षरं, आणि खाली … ७, तिरकी रेघ, ‘मराठाज’. सातच्या आधीचे आकडे पूर्ण झिजलेत. स्कॅनपण केले. उजव्या मनगटावर खरंच छोट्या फिती आहेत, सगळ्या फिकट. डाव्या मनगटावर काही नाही.

निवृत्त_हवालदार
ताई, तुम्ही जिंकलात. बघा कसं ते.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी सहा: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. शेवटी सात असलेली एकच, ११७. पडताळाही आहे. १०३, १०५ आणि ११० यांच्या नावात ‘लाइट इन्फन्ट्री’ होतं. नुसतं ‘मराठाज’ म्हणजे ११४, ११६, ११७ पैकी. दोन्ही बाजूंनी ११७ च येतं.

आता ११७ कुठे होती? सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली, मेसोपोटेमियात (आजचा इराक). बसऱ्याला उतरून टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाले, टेसिफोनला अडले, मागे हटून कुत अल अमारा गावात आले आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी वेढा घातला. खायला घोडे-खेचरं उरली. शाकाहारी आणि धर्म पाळणाऱ्या शिपायांनी घोड्याचं मांस खायला पुष्कळ दिवस नकार दिला, त्यात स्कर्व्हीने माणसं गेली. सोडवायला आलेल्या फौजेची वेढ्यातल्या लोकांपेक्षा जास्त माणसं पडली आणि तरी ती पोचली नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे तेरा हजार लोक कैदेत गेले. १०३ आणि ११० पण तिथेच होत्या, म्हणजे सहापैकी तीन मराठा पलटणी एका दिवसात गेल्या. हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत रास अल ऐनला नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. युद्धानंतर ११७ ला ‘रॉयल’ किताब मिळाला आणि १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी, रॉयल बटालियन झाली.

म्हणजे ‘बसऱ्याची लढाई’ आणि ‘तुर्कांनी पकडलं’ हे दोन्ही पलटणीच्या इतिहासाशी जुळतं. पण पुरावा म्हणून एवढ्यावर थांबू नका. ११७ चे सगळेच कुतमध्ये नव्हते. आजारी, जखमी बसऱ्याला किंवा मुंबईला आधीच गेलेले होते, मागून आलेल्या तुकड्या वेढ्याबाहेर राहिल्या. कैदेची नोंद वेगळी लागेल.

फोकल_लेन्थ
मनगटाच्या फितींबद्दल एक भर. १९१४ साली बाहेर गेलेल्याची पहिली फीत लाल असायची, बाकी सगळ्यांच्या निळ्या. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे, लाल रंग काळा येई आणि निळा जवळजवळ पांढरा. शेवंतीच्या फोटोत सगळ्या फिकट, म्हणजे सगळ्या निळ्या. पणजोबा १९१५ मध्ये गेले. स्टारशी तंतोतंत.

यावरून सगळ्यांना एक विनंती: जुन्या फोटोतल्या पदकांच्या रिबिनींचे रंग ‘गडद म्हणजे लाल, फिकट म्हणजे पिवळा’ असे ओळखू नका. पिवळाही काळपट येतो. आणि ते एआयवाले ‘रंगीत करून मिळेल’ ॲप तर वापरूच नका, ते आपल्या मनाचे रंग भरतं आणि मग तोच फोटो घरच्या ग्रुपवर पुरावा म्हणून फिरतो.

रानमेवा
एक शंका. चांदणीवर सिपॉय आणि फोटोत नाईक, हे कसं?

निवृत्त_हवालदार
स्टारवर सहसा रणभूमीवर पाऊल ठेवतानाचा हुद्दा असतो. फोटो १९१८ नंतरचा. मधल्या काळात किंवा परत आल्यावर बढती मिळाली असणार. ते चांदीचं पदक असतं तर त्याच्या कडेवर कदाचित नाईक सापडलं असतं. गेलं पैंजणात.

शेवंती
काकूला सांगितलं तर ती पैंजण मोडून आणखी काहीतरी करेल, म्हणून गप्प आहे 😀

आता फोटो २. ‘कॅप्टन’ चं काय?

फोकल_लेन्थ
स्कॅन मोठा करून बिल्ला बघितला. अक्षरं देवनागरी आहेत. ‘मामले…’ एवढं स्पष्ट, पुढचं कोटाच्या घडीत.

टिवल्याबावल्या
मामलेदार कचेरी! ताई, पणजोबा पट्टेवाले होते हो.

निवृत्त_हवालदार
बरोबर. तिरका रुंद पट्टा आणि पितळी बिल्ला म्हणजे सरकारी कचेरीतला शिपाई. पेन्शनीत आलेल्या किंवा पलटणीतून कमी केलेल्या माणसाला अशी नोकरी मिळायची, साहेबलोक माजी सैनिकाला पसंती द्यायचे. जुने ‘लष्करी’ म्हणून येणारे फोटो मी पुष्कळ पाहिलेत. त्यात पोलीस निघतात, जंगलखात्याचे गार्ड, जीआयपी रेल्वेचे लोक, कोल्हापूरसारख्या संस्थानांच्या फौजेतले. एकदा तर लग्नातला बँडवाला निघाला होता, खांद्यावर झालरी आणि छातीवर चार पदकं. घरचे त्याला कर्नल म्हणत होते.

शेवंती
आत्याला सांगितलं. रुसलीय. “मामलेदाराला पाणी देणारा नव्हता माझा आजा,” म्हणाली आणि फोन ठेवला. मला मात्र हा फोटो आता जास्त आवडायला लागलाय. कुतमधून (किंवा जिथून कुठून) जिवंत परतलेला माणूस देवरुखच्या कचेरीबाहेर बाकड्यावर बसून कुळांच्या तक्रारी आत पोचवतोय.

फोटो ३ चं बघता का? बाहीवर एक खूण आहे. चुलतभावाचं म्हणणं, तो इस्पिकचा एक्का आहे.

निवृत्त_हवालदार
इस्पिकचा एक्का असेल तर २५ वी हिंदी डिव्हिजन, आराकान, म्हणजे ब्रह्मदेश. त्यात मराठा पलटण होती. घरची गोष्ट बरोबर ठरते.

फोकल_लेन्थ
मला एक्का वाटत नाही. एक्का काळा, हिरव्या कापडावर. म्हणजे खूण गडद यायला हवी. इथे गडद चौकोनावर फिकट खूण आहे आणि नीट बघा, तीन वेगळे देठ आहेत.

निवृत्त_हवालदार
मोठा करून बघितलं. तीन फुलं, देठासकट. ही आठवी हिंदी डिव्हिजन, लाल कापडावर पिवळं. लोक त्याला क्लोव्हर म्हणतात. मग ब्रह्मदेश नाही. आठवी आधी इराक-सीरियाकडे होती आणि १९४३ पासून इटलीत. सांग्रो नदी, कॅसिनो, शेवटी सेनिओ. तिच्यात पाचव्या मराठाची पहिली बटालियन होती, जुनी १०३, जंगी पलटण. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच बटालियनमध्ये. (यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, त्यांची लढाई १० जुलै १९४४, टायबरच्या खोऱ्यात. ते त्यात पडले. दोघांची गल्लत नेहमी होते.)

पण सावकाश. डिव्हिजनची खूण म्हणजे पलटण नव्हे. त्याच खुणेखाली रसद, सिग्नल, सफरमैना (पूल-रस्ते बांधणारे सॅपर), दवाखाना, सगळेच असत. खांद्यावर पितळी अक्षरं दिसतायत का?

शेवंती
नाही, खांदे पुढच्या माणसामागे आहेत. पण पाठ निघाली! दोरा फिरवून. निळा शिक्का, अर्धा पुसट: ‘फोतोग्राफ…’ आणि खाली ‘बारी’.

न्यूजर्सीचा_बंड्या
बारी! इटलीच्या टाचेजवळचं बंदर. म्हणजे प्रश्न मिटला.

रानमेवा
ब्रह्मदेश कुठून आला मग घरात?

दापोली_कॅम्प
आमच्याकडेही असंच. गावातून जास्त लोक जिथे गेले, त्याच लढाईत सगळ्यांना बसवतात. सांगणाऱ्यासमोर इटली नव्हतीच, ब्रह्मदेश रेडिओवर तरी ऐकलेला असायचा.

निवृत्त_हवालदार
ताई, आता कागदाकडे वळा.

धाकट्या आजोबांच्या घरी (त्यांच्या मुलांकडे) डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) किंवा पदकं आहेत का विचारा. हिंदी सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदकं नाव कोरून मिळाली, हे आपलं भाग्य; ब्रिटिश सैनिकांच्या पदकांवर नाव नव्हतं. इटली स्टार असेल तर पाठीवर नंबर मिळेल. नंबर मिळाला की निम्मं काम झालं.

पलटण मराठा निघाली तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. महार रेजिमेंटचं सागरला, सफरमैनाचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नलचं जबलपूरला. अर्जात नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, अंदाजे भरतीचं साल आणि तुमचं नातं, सोबत नात्याचा पुरावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलात तर बरं, त्यांना कुठे काय लिहायचं ते ठाऊक असतं. पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत आशा कमी ठेवा, पण अर्ज कराच. उत्तर लवकर येत नाही. एका रेकॉर्ड ऑफिसने माझ्या चुलत्यांबद्दल ‘नोंद आढळत नाही’ असं कळवलं होतं. आडनावाऐवजी वडिलांचं नाव टाकून पुन्हा अर्ज केला तर नोंद मिळाली. आपल्याकडे तेव्हा कारकून ऐकेल तसं इंग्रजीत उतरवायचा. सावंत ‘सवंट’ होतं, गावाचं नाव ओळखू येत नाही. म्हणून नावापेक्षा गाव आणि वडील धरून शोधा.

आणि एक, गावच्या शाळेत, चावडीत किंवा देवळात संगमरवरी पाटी आहे का बघा. ‘या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले’ अशी. आकडेच असतात, नावं नाहीत. तरी तालुक्यातून भरती कशी झाली याचा अंदाज येतो.

शेवंती
पाटी आहे! शाळेच्या पडवीत, वर चुना फासलाय. त्यावर आम्ही लहानपणी ओल्या छत्र्या टेकवायचो.

डोंबिवलीच्या काकांना पीपीओचं विचारलंय. सैनिक कल्याण कार्यालयात सोमवारी जाते. काही हाती लागलं तर इथेच लिहीन. हवालदारकाका, फोकल_लेन्थ, सगळ्यांचे मनापासून आभार.

टिवल्याबावल्या
पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). आत्याला आमचा नमस्कार सांगा, आणि पट्टेवाला हा शब्द तूर्तास वापरू नका.

खाडीकाठ
नवीन सभासद. धागा पूर्ण वाचला, छान चर्चा. माझ्या आजोबांचा फोटो आहे, खलाशाचा पोशाख, टोपीच्या फितीवर फक्त ‘एच.एम.आय.एस.’, पुढे जहाजाचं नाव नाही. आई म्हणते ते १९४६ च्या नौदलाच्या बंडात होते. इथेच डकवू का?

निवृत्त_हवालदार
नवा धागा काढा, इथे हरवेल. युद्धकाळात फितीवर जहाजाचं नाव मुद्दाम गाळत, शत्रूला कळू नये म्हणून. त्यामुळे फोटो युद्धातला दिसतो, पण त्यावरून बंडाचं काही ठरणार नाही. नौदलाचं मला कमी कळतं, धाग्याच्या नावात ‘रॉयल इंडियन नेव्ही’ लिहा म्हणजे जाणकार येतील. बाहीवरचा बिल्ला मोठा करून टाका. तारयंत्रवाला, स्टोकर, स्वयंपाकी, प्रत्येकाचा वेगळा असतो.